पेरू: टिटिकाका तळ्याकाठी गावातल्या घरी एक रात्र. सोबत ज्येष्ठ आणि लहान मूल, तयारी काय करावी?

कडकभाकरी (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. जुलैच्या मध्यात पेरूला जायचं ठरतंय. माणसं पाच: आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी, सासरे (६७, बीपीची गोळी चालू) आणि सासूबाई (६२, गुडघे दुखतात). सगळे शाकाहारी, अंडंही नाही. माचू पिचू होईलच, पण खरी ओढ आहे ती टिटिकाका तळ्यातल्या बेटावर केचुआ (तिथले मूळ रहिवासी) कुटुंबाच्या घरी एक रात्र राहण्याची. अमान्तानी बेटाचं नाव सारखं कानावर येतं. एका पॅकेजमध्ये लिमाहून विमानानं हुलियाका, तिथून पुनो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेट असा बेत दिलाय. हा बरोबर आहे का? घर कसं ठरवायचं, पैसे कुणाच्या हातात द्यायचे, थंडी किती, जेवणाचं काय, आणि ज्येष्ठांना हे झेपेल का? माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

पायरीपायरीनं

हा बेत घेऊ नका. बाकीचं नंतर, आधी उंचीचं बोलू.

सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर. टिटिकाकाचं पाणीच मुळी ३,८१२ मीटरवर आहे आणि बेटावरची घरं त्याच्याही वर, चढणीला. म्हणजे लेहपेक्षाही (३,५०० मीटर) उंच. तिथं एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या सोलापूरच्या साधारण दोन तृतीयांश. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत चालायचा सराव पायांना कामी येईल, या विरळ हवेला नाही. धडधाकट पंचविशीतल्या पोराला उंची लागते आणि शेजारच्या आजोबांना लागत नाही, असं सर्रास होतं. किती घाईनं वर गेलात यावर सगळं अवलंबून.

लिमा समुद्राकाठी आहे. तिथून हुलियाकाला उतरलं की दोन तासांच्या आत माणूस ३,८०० मीटरच्या वर, पहिली झोपही तिथंच, आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यापासून घरापर्यंत चढण. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, झोप न लागणं हे सगळं पहिल्या एक-दोन रात्रींतच गाठतं. तिकडे याला सोरोचे म्हणतात. नेमक्या त्याच रात्री तुम्ही बेटावर असणार, जिथून पुनोचा दवाखाना होडीनं तीन तासांवर.

डोंगरातला नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर काढावा. तो धरून तुमचा मार्ग असा बसतो. लिमात दोन रात्री. आपल्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचा फरक आहे, तो अंगातून उतरायलाही तेवढं लागतंच. मग विमानानं कुस्को (सुमारे ३,४०० मीटर), पण तिथं मुक्काम न करता विमानतळावरूनच गाडीनं खाली ओयान्तायतांबोला (२,७९२ मीटर). तिथं तीन रात्री. माचू पिचू २,४३० मीटरवर आहे, तेही इथूनच उरकतं. मग वर कुस्कोत दोन रात्री. त्यानंतर दिवसाच्या बसनं पुनो (३,८२७ मीटर), सहा-सात तास. वाटेत ला राया खिंड ४,३३५ मीटरवर आहे, पण तिथं गाडी जेमतेम थांबते, झोपायचं नसतं, म्हणून चालतं. पुनोत दोन रात्री, आणि मग गावातलं घर. म्हणजे घरचा मुक्काम सहलीच्या शेवटी. पॅकेजवाले तो सुरुवातीला टाकतात कारण त्यांचा नकाशा तसा सोपा पडतो.

औषधाचं: अ‍ॅसेटाझोलामाइड (आपल्याकडे डायमॉक्स नावानं मिळतं) प्रौढांना प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास, किंवा बीपीच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध असेल तर ते आधी सांगितलं पाहिजे. सासऱ्यांच्या गोळीचं नाव लिहूनच न्या. मुलीचा डोस वजनावर ठरतो, तो अंदाजानं देऊ नका. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवी आणि सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागणं हे या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरायचं नाही. गोळी सोलापुरातच दोन दिवस घेऊन पाहिली तर अंगाला मानवते का ते कळतं. झोपेची गोळी आणि दारू पहिल्या काही रात्री नकोच.

ऑक्सिमीटर जवळ ठेवा, पण त्याला बिचकू नका. एवढ्या उंचीवर ८५ ते ९० आकडा धडधाकट माणसाचाही येतो. गार बोटावर यंत्र चुकतं, बोट चोळून गरम करून मग लावा. झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन पुन्हा जोरात सुरू होणंही तिथं नेहमीचं. खरी धोक्याची खूण वेगळी: बसल्या जागी धाप, थांबत नाही असा कोरडा खोकला, सरळ रेषेत चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. मुलांना हे नीट सांगता येत नाही. मूल उगाच किरकिर करतंय, खेळत नाही, जेवण ढकलतंय, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती उंचीच समजावी.

टिटिकाकाकाठ

वरच्या सगळ्याला अनुमोदन. आणि त्यातूनच माझं स्पष्ट मत: तुमच्या घरच्या मंडळींसाठी अमान्तानी नको, याचोन घ्या.

कारण सांगतो. अमान्तानी सुंदर आहे, बेटावर मोटारी नाहीत, दहा वस्त्या, वर पाचामामा (धरणीमाता) आणि पाचाताता (धरणीपिता) अशी दोन शिखरं आणि त्यांवर जुनी देवस्थानं. पण पुनोहून होडी तीन-साडेतीन तास घेते आणि सामान घेऊन धक्क्यापासून घरापर्यंत वीस मिनिटं ते पाऊण तास चढण असते, घर कुठल्या वस्तीत मिळतं त्यावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चढण आणि दुसऱ्या दिवशी ताकिले बेटावरच्या पाचशेहून जास्त पायऱ्या, हे जड आहे. रात्री काही झालं तर अंधारात, गोठवणाऱ्या वाऱ्यात होडी काढावी लागते. याचोन हे कापाचिका द्वीपकल्पाच्या टोकाचं गाव. लोक तेच केचुआ, तळं तेच, घरं तशीच मातीच्या कच्च्या विटांची, आणि मुख्य म्हणजे गावापर्यंत रस्ता आहे. गाडीनं पुनो दीड-दोन तास. पलीकडे चुकुइतो द्वीपकल्पावरचं लुकिना चिको हेही रस्त्याला जोडलेलं आहे. तिथून होडीनं ताकिलेला दिवसाची चक्कर मारता येते. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांनी त्या दिवशी काठावर बसावं.

आता या मुक्कामाची घडी कशी असते ते. याला तिकडे तुरिस्मो विवेन्सियाल म्हणतात. हॉटेलसारखी एकाची मालकी नसते. गावातली घरं पाळी लावून पाहुणे घेतात, आज या घरी, पुढची होडी आली की दुसऱ्या घरी. त्यामागे त्यांची आय्नीची रीत आहे. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक जिला ठाऊक आहे तिला हे समजावून सांगायला नको: आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पेरणी, काढणी, घर बांधणं सगळं यावर चालतं. म्हणून "आम्हाला तेच फोटोतलं घर हवं" असा हट्ट धरला तर कुणाची तरी पाळी हुकते. गरज सांगा, घर मागू नका. गरज म्हणजे: दोन खोल्या शेजारी, तळमजल्यावर, शौचालय जवळ, मांसाशिवाय स्वयंपाक. यावरून गावकरी स्वतःच योग्य घर काढून देतात.

ठरवायचे मार्ग तीन. एक, पुनोच्या बंदरावर बेटवासीयांच्याच सामायिक होड्यांचं तिकीट काढायचं आणि घर उतरल्यावर ठरतं. हा सर्वांत मोकळा मार्ग, पण पाच जणांच्या कुटुंबाला आणि तुमच्या पथ्याला बेभरवशाचा. दोन, गावच्या पर्यटन संघटनेशी आधी संपर्क. तुमच्यासाठी हाच. संदेश स्पॅनिशमध्ये आणि छोट्या वाक्यांत लिहा. उत्तर दोन-तीन दिवसांनी येतं, नेट धड नसतं. तीन, पुनोतली एजन्सी. ती घेतलीत तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: घराला माणशी किती सोल (पेरूचं चलन) पोहोचणार, कधी पोहोचणार, जेवणं किती धरली आहेत (तीन हवीत: दुपार, रात्र, सकाळ), आणि बेटाचा प्रवेशकर आत की बाहेर. दर फार खाली आला की काटछाट होते ती घराच्या वाट्याला, आणि मग ताटात बटाटे नि पाणीदार सूप येतं. दोष घरच्या बाईचा नसतो.

पैसे थेट देणार असाल तर घरच्या बाईच्या हातात, जेवणं झाल्यावर, सकाळी निघायच्या आधी. गावात एटीएम नाही, कार्ड नाही. पुनोतून १० आणि २० सोलच्या नोटा मोडून घ्या. १०० ची नोट घेऊन उभं राहिलात तर सुट्ट्यासाठी ती बिचारी चार घरं फिरेल.

कुस्को-पुनो रस्त्यावर बंद नि रास्ता रोको अधूनमधून होतात. पुढच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

कडकभाकरी (जुळे सोलापूर)

दोघांचेही मनापासून आभार. याचोन पक्कं करतो, बेतही उलटा करतो. जेवणाबद्दल कुणी सांगेल का? सासूबाई कांदा-लसूण खातात, पण मटणाचा रस्सा गाळून दिला तरी चालणार नाही. आणि खोलीत थंडी किती असते?

मुगाचीखिचडी

ताई/दादा, जेवणाची काळजी अर्धीच करा. हा भाग मुळात बटाटा, किन्वा आणि बाकल्याचा (तिकडचं नाव आबास). मांस रोजच्या ताटात नसतं, कारण ते महाग. अडचण वेगळीच आहे: पाहुणा आला की त्याच्या मानानं मांस घालायचं, निदान हाडाचा काल्दो (रस्सा) तरी सुपात टाकायचा. "व्हेजिटेरियन" म्हटलं की कित्येक घरांत मांसाचा तुकडा बाजूला काढतात, रस्सा तोच. म्हणून शब्द पूर्ण सांगा आणि मुक्काम ठरवतानाच सांगा, ताट पुढं आल्यावर नव्हे:

"नो कोमेमोस कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि उएवो." म्हणजे आम्ही मांस, कोंबडी, मासे, अंडी खात नाही.
"ला सोपा, सिन काल्दो दे कार्ने, पोर फावोर." सूप मांसाच्या रश्शाशिवाय.
"सिन मान्तेका." डुकराच्या चरबीशिवाय.

मासे वेगळे म्हणायलाच हवेत, कारण तळ्यातला ट्राउट तिथं पाहुणचाराचा पदार्थ. कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून दाखवलं तर उत्तम, पण वयस्क बायकांना वाचता येईलच असं नाही, म्हणून मोठ्यानं म्हणायचीही सवय करा.

मग ताटात काय येईल? किन्वाचं दाट सूप. दोन-तीन जातींचे बटाटे सालीसकट उकडलेले. ओका नावाचा लांबट, जरा आंबट-गोड कंद. तळलेलं ताजं चीज (सासूबाईंना सांगून ठेवा, ते घट्ट करायला जनावराचं विरजण वापरतात). भात. आणि मुन्याचा चहा: मुन्या म्हणजे डोंगरी पुदिन्यासारखी झुडपं, पोट जड झालं की यावर उतारा. चुन्यो आला तर चव घेऊन बघा. जून-जुलैच्या कडक थंडीत बटाटे रात्रभर उघड्यावर गोठवतात, दिवसा पायानं तुडवून पाणी काढतात, आणि काही दिवस उन्हात वाळवतात. आपल्या वाळवणासारखंच, फक्त इथं उन्हाबरोबर हिवाचंही काम. नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. चव मातकट, पहिल्या घासाला आवडेलच असं नाही.

जुलै म्हणजे बटाट्याची काढणी उरकलेली असते, तेव्हा वातिया मिळण्याचा योग आहे, आवर्जून विचारा. रानातल्याच ढेकळांचा घुमटासारखा भट्टा रचतात, आत काड्या-शेण जाळून ढेकळं लाल करतात, मग विस्तव काढून बटाटे आत टाकतात आणि भट्टा वरून फोडून सगळं मातीनं झाकतात. अर्ध्या-पाऊण तासानं उकरून काढायचे. हुरड्याची आगटी ज्यानं पाहिली आहे त्याला यातलं सगळं समजेल, गरम राखेचा वास आणि हात भाजत खाणंसुद्धा. सोबत चाको नावाची खायची चिकणमाती पाण्यात कालवून देतात, बटाटा त्यात बुडवून खायचा. तीही एकदा चाखा.

जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, पण का ते ऐका. पहिल्या दोन दिवसांत उंचीनं भूक मरते, तेव्हा ओळखीची चव पोटात जाते. किन्वाच्या सुपात कडक भाकरी कुस्करली तर सासरे पोटभर जेवतील. घरच्यांनाही द्या, त्यांच्याकडे किन्वाचे वाफवलेले किस्पिन्यो असतात, प्रवासात टिकणारे, त्यामुळे कोरडी शिदोरी ही गोष्ट त्यांना लगेच कळते. चटणी दुकानातली सीलबंद घ्या आणि उतरल्यावर फॉर्मवर जाहीर करा. सेनासा ही त्यांची कृषी तपासणी यंत्रणा आहे. कच्चं धान्य, बी-बियाणं, ताजी फळं नेऊ नका.

प्रेशर कुकर घरोघरी असेलच असं नाही आणि पाणी तिथं ८७-८८ अंशांलाच उकळतं. त्यामुळे डाळ-तांदूळ नेऊन "आमची खिचडी टाका" म्हणायचा बेत करू नका, डाळ शिजता शिजत नाही आणि त्या घरचं सरपण फुकट जातं. निलगिरीची लाकडंही विकत किंवा लांबून येतात. प्यायचं पाणी मात्र तीन मिनिटं खळखळून उकळलेलं मागा. त्या उंचीवर एक मिनिट पुरत नाही.

चुलीपाशी गिनीपिग फिरताना दिसतील. मुलीला आधी सांगून ठेवा की ते पाळीव लाडाचे नाहीत, सणावाराला खायचे आहेत. तिथं कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

जेवताना: सुरुवातीला सगळ्यांना "बुएन प्रोवेचो" म्हणायचं, उठताना "ग्रासियास". ताटात टाकू नका. नको असेल तर वाढण्याआधी "पोकितो, पोर फावोर" (थोडंसंच) म्हणा. बाईला "मामा" म्हणून हाक मारली की तिला बरं वाटतं. आपला मामा नव्हे, तिकडे मामा म्हणजे आई. वडीलधाऱ्या पुरुषाला "ताय्ता".

ताणाबाणा (सोलापूर, पूर्व भाग)

थंडीचं मी सांगतो, आणि कापडाचं तर सांगणारच.

गंमत अशी की टिटिकाका विषुववृत्तापासून जवळजवळ सोलापूरएवढंच लांब आहे, फक्त दक्षिणेला. म्हणजे दुपारचं ऊन आपल्या हिवाळ्यातल्यासारखं टोचणारं, विरळ हवेमुळे त्वचा त्याहून लवकर भाजते, आणि सूर्य साडेपाचच्या आत मावळला की तासाभरात थंडी हाडात शिरते. जुलै हा तिकडे ऐन हिवाळा. पहाटे पुनोत पारा शून्याखाली जातो. तळ्याकाठी पाण्याच्या उबेनं थोडं बरं. खोलीत शेगडी नसते. मातीच्या भिंती वारा अडवतात, पण ऊब बाहेरून येणार नाही, ती पांघरुणातच.

पांघरूण भरपूर देतात: तीन-चार लोकरीच्या घोंगड्या, वजनाला इतक्या जड की कूस बदलताना दम लागतो. दोन गोष्टी होतात. लोकर अंगाला टोचते, आणि ज्येष्ठांना छातीवर ओझं वाटून श्वास अपुरा पडल्यासारखं होतं. उपाय: माणशी एक पातळ सुती सोलापुरी चादर न्या. जाड जॅकार्ड नको, ती किलोभर भरते. चादर दुमडून पिशवीसारखी आत घ्या, वर दोनच घोंगड्या, आणि अंगात थर्मल, लोकरी मोजे, कानटोपी. सूत ऊब देत नाही हे खरं, पण इथं तिचं काम अस्तराचं आहे. झोपताना पायथ्याशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवा. पाणी घरची बाई देते. कुणाला इन्सुलिन लागत असेल तर ते रात्री अंथरुणात घ्या, खिडकीत ठेवलं तर गोठून वाया जातं. मोबाईलची बॅटरीही तशीच. वीज बऱ्याच घरांत सौर दिव्यापुरतीच असते. जिथं प्लग आहे तिथं २२० व्होल्ट आणि आपली दोन गोल पिनांची चालते, तीन पिनांची नाही.

भेट द्यायला सोलापुरी टॉवेल-नॅपकिन न्या. हलके, रोज वापरात येणारे, आणि आपल्या मागावरचे. सोबत पुनोच्या बाजारातून तांदूळ, साखर, तेल, फळं घ्या. काठावरच्या थंडीत फळं होत नाहीत, त्यामुळे संत्री-केळ्यांचं घरात अप्रूप असतं. मुलांना रस्त्यात चॉकलेटं वाटू नका. दात जातात आणि पोरं पुढच्या होडीकडे हात पसरून धावतात. वह्या-पेन्सिली द्यायच्या तर आईच्या हातात द्या.

आता ताकिले. त्यांच्या विणकामाला युनेस्कोनं २००५ मध्ये मान दिला आणि २००८ मध्ये ते मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. बायका जमिनीत चार खुंट्या ठोकून आडव्या मागावर विणतात, ताणा (उभे धागे) खुंट्यांना बांधलेला. ताणाच धाग्यांनी कापडाचं तोंड भरतो, बाणा (आडवे धागे) जवळजवळ दिसतच नाही. म्हणून ते पट्टे इतके घट्ट आणि टिकाऊ. पुरुष सुयांवर टोप्या विणतात. पूर्ण लाल टोपी म्हणजे लग्न झालेला, वरचा भाग पांढरा म्हणजे अविवाहित. चौकातल्या सहकारी दुकानात प्रत्येक वस्तूवर विणणाऱ्याची चिठ्ठी आणि ठरलेली किंमत असते. तिथं घासाघीस करू नये. एका रुंद पट्ट्यामागे किती दिवस जातात हे सोलापूरकराला कुणी सांगायची गरज नाही.

पुनो-कुस्कोच्या रस्त्यावर मात्र "बेबी अल्पाका" म्हणून सर्रास अ‍ॅक्रिलिक विकतात. कडेचा एक सुटा धागा मागा आणि जाळून बघा. लोकर चरचरत जळते, केस जळल्याचा वास येतो, काजळी बोटानं चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. धागा द्यायला दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.

वेशीबाहेर

दोन कागदी गोष्टी आणि एक पान.

भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा किमान सहा महिने शिल्लक असेल तर सूट मिळते. तिकीट अमेरिकेमार्गे काढलं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे जाताना ज्या देशात विमान बदलणार तिथला ट्रान्झिटचा नियम तिकिटाआधी बघा.

परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात, कारण पेरू त्या यादीत आहे. लस किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. पुण्या-मुंबईला जायचं तर वेळ आधी घेऊन ठेवा. दाखला एकदा मिळाला की आयुष्यभर चालतो. पण साठीच्या पुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदाच देताना धोका जास्त असतो, म्हणून सासू-सासऱ्यांना डॉक्टर आधी तपासतील. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तिकिटं काढायच्या आधी हे मिटवा.

आता पान. कोकाच्या पानांचा चहा तिथं घरोघरी देतात, कायदेशीर आहे, पाहुणचाराचा भाग आहे. तीन पानं एकत्र धरून वर फुंकर घालून पर्वतांना आणि पाचामामाला वाहतात. पेय पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडतात. येळवशीला रानात आंबील शिंपडणाऱ्या घरातल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको. पण पानं किंवा चहाच्या पुड्या पिशवीत टाकून भारतात आणू नका. कोकाचं पान १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतं. परतल्यावर लगेच नोकरीची लघवी-तपासणी असेल तर तो चहासुद्धा टाळा, तपासणीत दिसतो. मुलीला मुन्याचा चहा द्या.

कडकभाकरी (जुळे सोलापूर)

लस आणि पानं, दोन्ही गोष्टी डोक्यातच नव्हत्या. शेवटचं: शौचालय, आणि संध्याकाळी नाच असतो म्हणे, त्यात ज्येष्ठांनी जावं का?

टिटिकाकाकाठ

शौचालय बहुतेक अंगणात, खोलीपासून दहा-वीस पावलांवर. कुठं बादलीनं पाणी ओतायचं, कुठं कोरडं. कागद भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. नळी अरुंद असते आणि तुंबली तर घरच्यांना उपसावी लागते. आपली पाण्याची सवय असेल तर छोटी बाटली जवळ ठेवा, रात्री बाहेरचं पाणी बर्फासारखं असतं. गरम पाण्याची अंघोळ धरूच नका, ती पुनोत करून या.

उंचीमुळे आणि डायमॉक्समुळे रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. गारठ्यात, अंधारात, ओल्या पायरीवर ज्येष्ठ पडले तर तेच सगळ्यात मोठं नुकसान. घरच्या बाईला "बासिनिका" मागा. खोलीत ठेवायचं भांडं असतं, तिकडे सगळेच वापरतात, लाजायचं काही नाही. कपाळाला लावायची बॅटरी प्रत्येकाला एक. दाराच्या चौकटी बुटक्या असतात, पहिल्या दिवशी प्रत्येकाचं डोकं आपटतं. वरच्या चौकटीला पांढरा रुमाल अडकवून ठेवा.

नाच सभागृहात असतो. पाहुण्यांना घरचेच कपडे नेसवतात: बायकांना घेरदार परकर नि भरतकामाची चोळी, पुरुषांना पोंचो. थर्मलवरूनच घाला. घरच्या बाया हाताला धरून रिंगणात ओढतात आणि चाल पळती असते. त्या उंचीवर एका गाण्यातच छाती भात्यासारखी होते. सासऱ्यांनी एक गाणं नाचून बाकावर बसावं. "मे फाल्ता आइरे" (दम लागला) म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी चुलीपाशी बसावं, तिथं सूत कातणं चालू असतं आणि हातात चाती दिली तर वेळ कसा जातो कळत नाही. आधी विचारून मग फोटो: "पुएदो तोमार उना फोतो?"

ताकिलेची होडी सकाळी आठच्या सुमारास सुटते. मोठ्या बॅगा पुनोच्या हॉटेलात ठेवून या, माणशी पाच-सहा किलोची पाठपिशवी पुरते. होडीत बंद जागेत डिझेलचा वास कोंडतो आणि मुलांना उलटी होते. मुलीला मागच्या उघड्या भागात बसवा, कानटोपी आणि उन्हाचं क्रीम दोन्ही लावून.